वाचकांचे प्रश्न : पाळकाची भेटीची वही

मागच्या अंकात या सदरात मी निवृत्तीनंतरचे चार विचार मांडले होते आणि घरभेटींच्या नोंदींच्या माझ्या वहीचा उल्लेखही केला होता. चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणून केलेल्या ३४ वर्षांच्या सेवेकडे मागे वळून पाहताना फसलेल्या उपदेशांपेक्षा राहून गेलेल्या घरभेटीच मला अधिक टोचतात, असे त्यात एक वाक्य होते. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रे आली, तेवढी बाकीच्या लेखावर आली नाहीत. त्यांतले सहा प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रांचा आवश्यक तेवढाच भाग दिला असून नावे आणि गावे गाळली आहेत, कारण आपल्या मंडळ्या, म्हणजे गावोगावचे चर्चचे समूह, लहान आहेत आणि तालुका कळला की माणूसही कळतो.

प्रश्न : माझी दीक्षा होऊन दोन वर्षे झाली. मुख्य मंडळीशिवाय वस्त्यांवरच्या तीन मंडळ्या माझ्याकडे आहेत. सकाळी ट्रस्टचे हिशेब, दुपारी वकील, संध्याकाळी कमिटी असा दिवस जातो. मिशनच्या जुन्या जागेचा दावा माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. सेमिनरीत मी ग्रीक शिकलो आणि इथे चॅरिटी कमिशनरच्या कार्यालयातले अर्ज शिकतो आहे. घरभेटीला जावे तर दारांना कुलपे. आपण घरभेटीचे महत्त्व लिहिलेत, पण ती करायची केव्हा? (एक तरुण पाळक)

उत्तर : बंधू, तुमचा वैताग खरा आहे आणि त्याचे मूळ तुमच्यात नाही. १९७० च्या नोव्हेंबरात नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे आपली सीएनआय, स्थापन झाली, तेव्हा उपासना एक झाली, बिशप एक झाले, पण जमिनींचे कागद अनेक ठिकाणी जुन्या मिशनांच्या ट्रस्टांच्याच नावे राहिले. कोणी नव्या व्यवस्थेत यायला नकार दिला, कोणी आल्यावर मागे फिरले, आणि दरम्यान शहरे वाढून त्या जमिनींना सोन्याचा भाव आला. त्या गुंत्याची तारीख तुमच्या वाट्याला आली आहे. ती चुकवू नका, पण ती म्हणजे तुमची सेवा असे मात्र मानू नका.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा ६ वा अध्याय आपण दीक्षेच्या वेळी हमखास वाचतो. प्रेषितांनी अन्न वाढण्याचे काम सात जणांकडे सोपवले आणि स्वतः प्रार्थनेत व वचनाच्या सेवेत राहिले, एवढाच त्याचा अर्थ सांगितला जातो. पण तिथे तक्रार काय होती ते पाहा. रोजच्या वाटपात काही विधवा सुटत होत्या. मंडळी वाढली होती आणि कोणाचे घर सुटते आहे हे कोणालाच ठाऊक राहिले नव्हते. सात माणसे नेमली गेली ती सुटलेली घरे सापडावीत म्हणून. तेव्हा हिशेब दुसऱ्यावर सोपवणे हा कमीपणा नव्हे. तुमच्या मंडळीत निवृत्त बँक कारकून असेल, तहसीलीत आयुष्य घालवलेला कोणी असेल, खतावणी पाहिली की ज्याचा हात शिवशिवतो असा एखादा मास्तर असेल. त्याला वही द्या. आपण ती देत नाही याचे खरे कारण असे, की कपाटाच्या किल्ल्या खिशात असल्या म्हणजे पाळकाला आपणही कोणी आहोत असे वाटते. मलाही तसे वाटत असे.

माझ्या पहिल्या नेमणुकीत माझ्या आधीच्या वृद्ध पाळकांनी मला कार्यभार दिला, तेव्हा टेबलावर प्रभूभोजनाचा प्याला व तबक, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची तीन रजिस्टरे, आणि शेवटी लाल कापडी बांधणीची एक लांबट वही ठेवली. किराणा दुकानात उधारीची असते तशी. एका घराला एक पान. मी उघडून वाचले : 'आजींना डाव्या कानाने ऐकू येते, त्या बाजूला बसावे.' 'यांच्याकडे चहा घेऊ नये, साखर शेजारून उसनी आणतात.' 'थोरल्याविषयी विचारू नये, तो आपण होऊन बोलेपर्यंत.' 'शेळी व्याली का विचारावे.' मला ती चहाड्यांची वही वाटली. मी नुकताच बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) होऊन आलो होतो आणि योहानाच्या शुभवर्तमानावर माझा प्रबंध होता. वही कपाटात गेली आणि दोन वर्षे तिथेच राहिली.

ती बाहेर कशी आली तेही सांगतो. बांधकाम खात्यात मुकादम म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ ओळीने तीन रविवार उपासनेला आले नव्हते. बुधवारी रात्री कमिटीची बैठक भोंग्यांवरून साडेदहापर्यंत लांबली. घरी परतताना त्यांच्या बोळावरून आलो, तेव्हा त्यांच्या खिडकीत दिवा होता. उशीर झाला आहे, उद्या जाऊ, असे म्हणून मी सायकल पुढे काढली. पहाटे निरोप आला. त्यांच्या घरी गेलो तेव्हा खुंटीवर इस्त्री केलेला पांढरा सदरा होता. दोनच दिवसांपूर्वी, पाळकसाहेब येतील म्हणून, त्यांनी तो काढून ठेवायला लावला होता, असे त्यांच्या पत्नीने सांगितले. सांगण्यात तक्रार नव्हती, कोणता सदरा घालायचा एवढेच त्या विचारत होत्या. दफनाला त्यांच्या अंगावर तोच होता. आदल्या रात्रीचा ठराव मला आजही शब्दशः आठवतो : दोन भोंगे व एक मायक्रोफोन खरेदी करण्यास सर्वानुमते मंजुरी.

आता कुलपांविषयी. तुम्ही बहुधा सकाळी दहा-अकराला जात असाल, कारण सेमिनरीत आपल्याला तीच वेळ शिकवतात, आणि ती शिकवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मिशन कंपाउंडातली घरे असतात. तुमच्या तिन्ही वस्त्यांवरची निम्मी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जात असणार. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा कोयता ठरलेला असतो आणि फड संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, दाराला कुलूप राहते. मग चर्च रिकामे दिसते आणि आपण अहवालात 'उपस्थिती घटली' असे लिहितो. उपस्थिती घटलेली नसते, ती कोल्हापूर, सांगली किंवा सीमेपलीकडे बेळगाव भागात पाचटाच्या कोप्यांत राहत असते. मी सहाव्या वर्षी पहिल्यांदा तिकडे गेलो. तोडणीची माणसे पहाटे अंधारात फडावर जातात आणि गाडी भरून कारखान्यावर खाली होईपर्यंत त्यांचा दिवस संपत नाही, त्यामुळे उपासना रात्री नऊनंतर, कंदिलाच्या उजेडात. पाव मिळाला नाही म्हणून प्रभूभोजनाला भाकरीचा तुकडा घेतला. (बिशपसाहेबांना मी हे नंतर कळवले. त्यांनी लेखी उत्तर दिले नाही, तोंडी 'बरे केलेत' म्हणाले.) बायका बसल्या जागी पेंगत होत्या आणि मी त्यांना जागे केले नाही. माझ्या सेवेतल्या उत्तम उपासना कोणत्या असे मला कोणी विचारले, तर नाताळच्या सजवलेल्या चर्चमधल्या उपासना मला आधी आठवत नाहीत.

शहरात गेलात तर तिथले घड्याळ निराळे असेल. भोसरी-चिंचवडच्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, रविवारी माणूस पहिल्या पाळीला जातो, आणि आपण त्याला 'उपासना चुकवणारा' म्हणतो. आधी मंडळीची घड्याळे लिहून घ्या, मग भेटींचा दिवस ठरवा. आठवड्यात चार घरे, त्याहून जास्त नकोत. पोटापुरत्या पगाराचा आणि सेवा सोडण्याचा विषय तुम्ही उघड काढला नाही, पण पत्राचा सूर तिकडेच जातो. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी आणि पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, ही गोष्ट तुम्हाला कोणी ना कोणी ऐकवेल. ती ऐका, पण तुमच्या घरी लहान मूल आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून लगेच उठून तसे करू नका. टिळकांनी सोडली ती चाकरी. सेवा त्यांच्याकडे अखेरपर्यंत होती. दावा कोर्टात पडून असला तरी घरे तुमच्याकडे आहेत, एवढे ध्यानात ठेवून आणखी तीन वर्षे काढा आणि मग मला पुन्हा लिहा.

प्रश्न : आमचे घराणे चार पिढ्यांचे ख्रिस्ती, सासरे मंडळीचे 'वडील' (निवडलेले कारभारी) होते, यजमान आज कमिटीवर आहेत. गेले वर्षभर मुलगा चर्चला न येता एका हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या फेलोशिपला जातो. तिथे ड्रम, गिटार, टाळ्या. यजमान म्हणतात, त्याचे नाव मंडळीतून कमी करा. घरात जेवायच्या वेळीही कोणी बोलत नाही. (एक आई)

उत्तर : ताई, नाव कमी करण्याची घाई करू नये, असे यजमानांना माझ्या वतीने सांगा. मुलाला एकच प्रश्न विचारा, आणि तो त्याच्या आवडीचे जेवण झाल्यावर विचारा : तिथे पहिल्यांदा कोणी बोलावले आणि का गेलास? अशा अनेक तरुणांना मी हे विचारले आहे. ड्रमसाठी गेलो असे उत्तर फार थोड्यांनी दिले. नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी सकाळी तिथल्या कोणीतरी फोन करून प्रार्थना केली, अपघातानंतर दवाखान्यात डबा आणला, खोली बदलताना सामान उचलायला चौघे आले, अशी उत्तरे येतात. त्याच वेळी आपल्या चर्चकडून त्याला आलेला शेवटचा निरोप हंगामसणाच्या (सुगीच्या सणाच्या) वर्गणीचा असतो. माझ्या भेटीच्या वहीचे काम आता ती मुले व्हॉट्सॲपवर करत आहेत. या गोष्टीची आपल्याला लाज वाटायला हवी.

मोठ्याने प्रार्थना करणे म्हणजे आपले नव्हे, असे यजमान म्हणत असतील तर त्यांना केडगावची आठवण करून द्या. १९०५ च्या जूनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात संजीवन झाले, म्हणजे भक्तीची नवी लाट आली, तेव्हा शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत, रडत, आणि त्यावर शिस्तप्रिय मंडळींनी टीकाही पुष्कळ केली होती. रमाबाईंनी ते थांबवले नाही. मराठी ख्रिस्ती माणसाची भक्ती सुरुवातीपासून बाकावर गप्प बसलेली होती, हा आपला गोड गैरसमज आहे.

पण दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. त्या फेलोशिपचे हिशेब कोण तपासते, पाळकाला प्रश्न विचारणारी कमिटी आहे का, दशांश किती द्यायचा याचा दबाव येतो का, आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रार्थनेने बरे झाल्यावर गोळ्या बंद करा असे तिथे कोणी सांगते का, हे मुलाकडून जाणून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या अशा सांगण्यावरून बंद केलेल्या एका बाईंचा पाय कापावा लागला, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या पुढाऱ्याने सांगितले होते त्याचा फोन नंतर लागत नव्हता. आपल्या कमिट्या कितीही भांडखोर असल्या तरी त्यांचा एक उपयोग असा, की पाळकाने असे काही सांगितले तर पुढच्या रविवारी चार माणसे त्याला अडवतात. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली तर मुलाला जाऊ द्या, आणि यजमानांना सांगा की एका रविवारी त्याच्याबरोबर तिथे जाऊन मागच्या खुर्चीवर बसावे. तिथे त्यांचा उत्तम सत्कार होईल, त्याने त्यांचा राग निम्मा उतरेल.

प्रश्न : 'उपासना संगीत' हे आपले पदांचे पुस्तक गुंडाळून ठेवून आता पडद्यावर हिंदी गाणी लावतात. टिळकांच्या आणि सांगळ्यांच्या पदांना आम्ही मुकणार काय? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : गुरुजी, ज्या पदांसाठी आपला जीव तुटतो, ती त्यांच्या काळी नवीच होती. त्याआधीची मराठी गीते बहुतांशी इंग्रजी गीतांची भाषांतरे असत आणि ती विलायती चालींवर, मराठी शब्दांच्या बरगड्या मोडत गायली जात. टिळक आणि कृष्णराव सांगळे यांनी अभंग, ओवी, कीर्तन, पेटी आणि टाळ चर्चमध्ये आणले. हे देवळातले आहे म्हणून त्या वेळी नाक मुरडणारेही होतेच. वसईच्या कॅथलिक बंधूंना तर लॅटिनऐवजी मराठीतून मिस्सा (उपासना) मिळायला १९६२ ते १९६५ ची दुसरी व्हॅटिकन परिषद व्हावी लागली. तेव्हा नव्याला विरोध करून जुने टिकत नाही. तरुणांना ही पदे नकोशी होत नाहीत, ती कळत नाहीत. आपण शिक्षक होता. दर रविवारी उपासनेआधी दहा मिनिटे मागा, एक पद घ्या, त्यातले अवघड शब्द फळ्यावर लिहा आणि चाल मुलांना गिटारवर बसवू द्या. पडद्यावर तीच ओळ मराठीत लावता येते, पडद्याचे कोणाशी वैर नाही.

प्रश्न : माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. कागदोपत्री आमची नोंद मात्र पूर्वीच्याच जातीची राहिली आणि त्यावर मला सरकारी नोकरी मिळाली. नव्या पाळकांनी व्यासपीठावरून जाहीर केले की 'दोन नावांच्या' लोकांनी प्रभूभोजनाला पुढे येऊ नये. मी उठून बाहेर आलो. तेव्हापासून गेलो नाही. (एक वाचक, मराठवाडा)

उत्तर : हे पत्र मी तीन दिवस टेबलावर ठेवले होते. आधी कायद्याची बाजू, कारण ती लपवून मी तुमचे भले करणार नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरले जाते. धर्मांतर लपवून घेतलेले प्रमाणपत्र रद्द होऊ शकते आणि त्याबरोबर नोकरीही जाऊ शकते. तेव्हा चांगल्या वकिलाला भेटा, आणि मंडळीतल्या वकिलाला भेटू नका.

आता मंडळीची बाजू. नगर, नेवासे, जालना या पट्ट्यातल्या मंडळ्या प्रामुख्याने महार आणि मांग समाजातून उभ्या राहिल्या. बाप्तिस्म्याने त्यांचे गावकुसाबाहेरचे घर काही गावात आले नाही, पाणवठा बदलला नाही, आणि दर्जा मात्र कागदावरून गेला. ज्यांच्या घरी मिशनच्या शाळेमुळे दोन पिढ्या मास्तरकी आली त्यांना एका नावाने राहणे परवडले. ज्यांच्या घरी ती आली नाही त्यांच्यापुढे दोन नावे उरली. असत्य ते असत्यच, त्याला मी दुसरे नाव देणार नाही, आणि त्याचा भार तुम्ही वाहत आहात हे पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसते. पण ज्या मंडळीत मुलीचे स्थळ पाहताना 'मूळचे कोण?' असे आजही हळूच विचारतात, त्या मंडळीने दोन नावांवरून दगड उचलताना जरा थांबावे.

तुमच्या पाळकांनी जे केले ते चूक केले. अशी गोष्ट व्यासपीठावरून बोलायची नसते, ती तुमच्या घरी, दार लावून, पाण्याचा तांब्या मध्ये ठेवून बोलायची असते, आणि तीही पहिल्या भेटीत नव्हे. ते आले नाहीत, म्हणून तुम्ही त्यांच्याकडे जा. हे उलटे आहे, ठाऊक आहे. जाणे शक्यच नसेल तर शेजारच्या तालुक्यातल्या एखाद्या जुन्या पाळकांकडे जा आणि मला जे लिहिलेत तेच सांगा. प्रभूचे मेज कमिटीने मांडलेले नाही.

प्रश्न : मी बी.डी. उत्तम श्रेणीत पूर्ण केले. नियमाने स्त्रीला दीक्षा आहे, पण मला संडे स्कूल आणि महिला मंडळ एवढेच दिले जाते. 'दफनाला बाई कशी चालेल?' असे कमिटीत विचारले गेले. (एक भगिनी)

उत्तर : भगिनी, असा प्रश्न एका कमिटीत विचारला गेला तेव्हा मी तिथे उपस्थित होतो. तुमच्या नव्हे, दुसऱ्या एका, वीसेक वर्षांपूर्वी. उमेदवार माझ्याहून चांगली उपदेशिका होती. 'लोकांची तयारी नाही' असे कोणी म्हणाले आणि मी चहाचा कप हातात घेऊन गप्प राहिलो. लोकांची तयारी आहे की नाही हे विचारायला आमच्यापैकी एकही जण एकाही घरी गेला नव्हता. ती पुढे शिक्षिका झाली.

रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणले, त्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे खर्च केली आणि ते काम संपवून १९२२ मध्ये देह ठेवला. ज्या भाषेतले वचन एका बाईने आपल्या हातात दिले, त्या भाषेत बाईने ते वाचू नये म्हणणाऱ्याला मी काय सांगावे? २०१३ मध्ये दक्षिण भारतीय मंडळीच्या नंद्याल धर्मप्रांतात पुष्पा ललिता बिशप झाल्या. तिथे अजून आकाश कोसळलेले नाही.

तुम्हाला मात्र तत्त्वचर्चेत अडकायला सांगणार नाही. महिला मंडळ दिले आहे ना, मग तुमच्याकडे मंडळीतल्या प्रत्येक स्वयंपाकघराची किल्ली आहे, जी मला ३४ वर्षांत मिळाली नाही. मी ओसरीवर बसून प्रार्थना करून आलो, आत काय चालले होते ते मला कधी कळले नाही. दारुड्या नवऱ्याने कालच मारलेली बाई मला चहा द्यायला पदर पुढे ओढून येत असे आणि मी 'सर्व क्षेम आहे ना?' असे विचारत असे. त्या बायका तुम्हाला सांगतील. त्यांच्या आजारपणात, बाळंतपणात, मयतीत जा. मग ज्या दिवशी एखाद्या घरातल्या आजी 'माझ्या दफनाला ह्याच पाहिजेत' असे मुलांना बजावून ठेवतील, त्या दिवशी कमिटीला ठराव करावा लागेल. तोवर दीक्षेसाठी अर्ज दरवर्षी करा, लेखी करा आणि पोचपावती घ्या. नकार द्यायचा तर त्यांनी तो कागदावर द्यावा.

प्रश्न : आपल्या त्या वहीचा नमुना द्याल काय? (चार वाचक)

उत्तर : छापील नमुना करू नका, तो अहवाल होतो. दोनशे पानी लांबट वही घ्या, घराला एक पान, आणि शेवटची वीस पाने कोरी ठेवा, कारण लग्नांनी घरे वाढतात. पानावर चार उभे रकाने आखा : तारीख, कोण भेटले, काय विचारायचे राहिले, आणि 'दार बंद'. चौथा रकाना माझ्या गुरूंचा, म्हणजे वही देणाऱ्या त्या वृद्ध पाळकांचा. त्यात ते नुसती फुली मारत. तीन फुल्या झाल्या की शेजारी विचारायचे, पाच झाल्या की ज्या गावाला माणूस गेला असेल त्या गावाची एसटी धरायची. पेन्सिलीने लिहावे. ती वही आता माझ्यानंतरच्या पाळकांकडे आहे. मागच्या महिन्यात ते भेटले, तेव्हा म्हणाले की माझे अक्षर लागत नाही, म्हणून बुधवारी दुपारी मी त्यांच्याकडे बसून पाने वाचून दाखवतो आहे. आतापर्यंत एकोणीस घरे झाली.